कॅल्शियमची भाषा वाचणारा जनुक: मुळांवरच्या गाठींपासून पेशीसंकेतन शिकताना

सोयाबीन पेरून महिना-सव्वा महिना झाला की एकदा वावरात जा आणि एक झाड भोवतालच्या मातीसकट खुरप्याने उकरून काढा. उपटू नका, उपटलं की गाठी मातीतच राहतात. मुळं बादलीभर पाण्यात अर्धा तास भिजवून हलक्या हाताने खळबळा. मोहरीपासून वाटाण्यापर्यंतच्या आकाराच्या गाठी मुळाला चिकटलेल्या दिसतील. त्यातली एक ब्लेडने मधोमध कापा. आत गुलाबी-लाल रंग दिसला तर तो लेगहिमोग्लोबिनचा (आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारख्या प्रथिनाचा), म्हणजे गाठीतले जिवाणू हवेतला नत्र बांधत आहेत. पांढरी निघाली तर ती अजून तयार नाही किंवा निकामी आहे, आणि हिरवट-तपकिरी असेल तर तिचं काम संपत आलंय.

पेशीसंकेतनावर, म्हणजे पेशी निरोप कसे घेतात आणि वाचतात यावर, काम करायला येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी आधी हे करायला लावते. ही गाठ बांधायची की नाही याचा निर्णय मुळाच्या पेशीत होतो आणि त्या निर्णयाच्या ऐन मध्यावर एकच जनुक बसलेला आहे. कॅल्शियम आणि कॅल्मोड्युलिन (कॅल्शियम धरणारं एक प्रथिन) या दोघांवर चालणारं किनेज, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारं प्रथिन, तो तयार करतो. शोधनिबंधांत त्याचं नाव सीसीएएमके, बोलताना आम्ही 'सी-कॅम-के' म्हणतो. मेडिकागो ट्रंकॅट्युला या प्रयोगशाळेतल्या आवडत्या वनस्पतीत, म्हणजे आपल्या लसूणघासाच्या जवळच्या नातलगात, त्यालाच डीएमआय३ म्हणतात. 'संसर्ग होऊ देत नाही' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं आहेत. जनुक बिघडला की झाडाचं काय होतं, त्यावरून हे नाव पडलं. जनुकांची नावं अनेकदा अशी उलटी असतात, ही गोष्ट पहिल्याच दिवशी ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचा बराच गोंधळ टळेल.

पहिली पायरी: कॅल्शियमच का, हे आधी समजून घ्या

पेशी आपल्या द्रवातलं मोकळं कॅल्शियम फार कमी ठेवते, सुमारे १०० नॅनोमोलर. पेशीबाहेर आणि पेशीतल्या कोठारांत ते त्याच्या हजारो पट असतं. त्याला एक साधं रासायनिक कारण आहे. पेशीचा सगळा ऊर्जाव्यवहार फॉस्फेटवर चालतो आणि कॅल्शियम वाढलं तर ते फॉस्फेटशी मिळून साका होऊन बसेल. म्हणून पडद्यांतले पंप रात्रंदिवस कॅल्शियम बाहेर किंवा कोठारात ढकलत राहतात.

या सक्तीच्या टंचाईचा पेशीने उपयोग करून घेतला. पातळी इतकी खाली असली की एखादी वाहिनी क्षणभर उघडली तरी कॅल्शियम लगेच दहापट होतं आणि पंप ते लगेच खाली आणतात. असा ठळक, क्षणिक चढउतार निरोप म्हणून वापरायला उत्तम. पण कॅल्शियमला स्वतःला काही करता येत नाही. ते धरून आपला आकार बदलणारं प्रथिन लागतं. कॅल्मोड्युलिन हे तसं प्रथिन, जेमतेम १४८ अमिनो आम्लांचं आणि कॅल्शियमचे चार आयन धरणारं. आकार बदललेलं कॅल्मोड्युलिन मग किनेजला जाऊन चिकटतं आणि किनेज दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवू लागतं.

दुसरी पायरी: आधी कोण, नंतर कोण

शेंगवर्गीय झाडाची मुळं मातीत फ्लॅव्होनॉइड सोडतात. ते ओळखून रायझोबियम, म्हणजे गाठीत राहणारे जिवाणू, एक रेणू तयार करतात, त्याला नॉड फॅक्टर म्हणतात. नॅनोमोलर इतक्या अल्प मात्रेतही तो काम करतो. मूलरोमांच्या, म्हणजे मुळावरच्या बारीक लवेच्या, पडद्यातले ग्राही त्याला धरतात. आणि मग दहाएक मिनिटांत पेशीच्या केंद्रकात आणि त्याच्या भोवती कॅल्शियम ठोके देऊ लागतं. चढतं, उतरतं, थांबतं, पुन्हा चढतं, साधारण दीड-दोन मिनिटांनी एक ठोका. १९९६ मध्ये स्टॅनफर्डमध्ये हे पहिल्यांदा लसूणघासाच्या मूलरोमांत दिसलं. मला पहिल्यांदा असं चित्रीकरण पाहायला मिळालं तेव्हा मी ते दिवसभर पुन्हा पुन्हा लावून पाहत होते.

आता नीट लक्ष द्या, कारण इथे या विषयातला सगळ्यात शिकण्यासारखा तर्क आहे. गाठी न येणारी मेडिकागोची तीन प्रकारची उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेली) झाडं होती: डीएमआय१, डीएमआय२ आणि डीएमआय३. तिघांच्याही मुळांवर गाठी नाहीत, तिघांतही मूळबुरशी (मुळांत राहून झाडाशी देवाणघेवाण करणारी बुरशी) वसत नाही. वरवर तिघं सारखीच. पण २००० मध्ये त्यांच्यात कॅल्शियमचे ठोके तपासले तेव्हा पहिल्या दोघांत ठोके नव्हते आणि तिसऱ्यात व्यवस्थित होते. म्हणजे पहिले दोन जनुक ठोके निर्माण करण्याच्या बाजूला, आणि डीएमआय३ ठोक्यांच्या पलीकडे. निरोप येतोय, पण तो वाचणारा गैरहजर आहे. डीएमआय३ प्रत्यक्षात कोणतं प्रथिन बनवतो हे तेव्हा कोणालाही माहीत नव्हतं, तरी साखळीतली त्याची जागा ठरली. चार वर्षांनी, २००४ मध्ये, तूलूझच्या आणि स्टॅनफर्डच्या गटांनी तो जनुक शोधून काढला. निघालं ते कॅल्शियमवर चालणारं किनेज. ठोक्यांच्या लगेच पुढे असायला हवं तेच.

आकृती पाठ करण्याऐवजी हा तर्क कागदावर स्वतः मांडून बघा. तीन झाडं, दोन चाचण्या, मिळालेली उत्तरं, आणि त्यावरून लागणारा क्रम.

जनुकाच्या पुढची साखळी थोडक्यात अशी: हे किनेज केंद्रकातच राहतं आणि सायक्लॉप्स नावाच्या प्रथिनावर फॉस्फेट चढवतं. फॉस्फेट चढलेलं सायक्लॉप्स डीएनएला धरून निन हा जनुक चालू करतं. निन चालू झाला की आतल्या थरातल्या पेशी विभागू लागतात आणि गाठ उभी राहते. सायक्लॉप्सचा हा दुवा २०१४ मध्ये म्युनिकच्या गटाने पक्का केला.

तिसरी पायरी: प्रथिन वाचायला बसा

इथे एक पूर्ण दुपार द्या. युनिप्रोट या प्रथिनांच्या ऑनलाइन माहितीकोशात मेडिकागोचं डीएमआय३ शोधा. ५२३ अमिनो आम्लांची माळ मिळेल. ती मोठ्या अक्षरांत छापून घ्या आणि तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन बसा. संगणक हे सगळं रंगवून देतो, पण हाताने रंगवलेलं विसरत नाही, असा माझा अनुभव आहे.

पहिली सुमारे ३०० अमिनो आम्लं किनेजचा भाग. त्यात हिस्टिडीन-आर्जिनीन-ॲस्पार्टेट आणि ॲस्पार्टेट-फेनिलॲलनिन-ग्लायसीन या दोन तिकड्या शोधा. जवळपास प्रत्येक किनेजमध्ये त्या सापडतात आणि फॉस्फेट उचलून देण्याचं काम त्यांच्याच आसपास चालतं. त्यानंतर एक छोटा पट्टा येतो. कॅल्मोड्युलिन इथे चिकटतं, आणि कॅल्मोड्युलिन नसताना हाच पट्टा किनेजच्या तोंडावर बसून त्याला बंद ठेवतो. शेवटच्या भागात ईएफ-हँड नावाच्या तीन खोबण्या आहेत. प्रत्येक खोबणीचं वळण १२ अमिनो आम्लांचं, पहिलं बहुधा ॲस्पार्टेट, सहावं ग्लायसीन, बारावं ग्लुटामेट. तिन्ही वळणं स्वतः शोधा.

म्हणजे हे प्रथिन कॅल्शियम दोन प्रकारे ओळखतं: स्वतःच्या खोबण्यांनी थेट, आणि कॅल्मोड्युलिनमार्फत. अशी दुहेरी रचना १९९५ मध्ये पाटील, ताकेझावा आणि पुवय्या यांनी लिलीच्या फुलातल्या जनुकात पहिल्यांदा दाखवली, वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत. तेव्हा गाठींशी तिचा काही संबंध असेल असं कोणी म्हटलं नव्हतं.

दोन प्रकार कशाला, हा प्रश्न तुम्हाला पडायलाच हवा. पेशी शांत असते तेव्हाचं थोडं कॅल्शियमसुद्धा तीन खोबण्यांना पुरतं. ते बसलं की किनेज स्वतःच्याच २७१ व्या थ्रिओनिनवर फॉस्फेट चढवतं, आणि त्या फॉस्फेटमुळे प्रथिन बंद अवस्थेत घट्ट राहतं. ठोका आला, कॅल्शियम वर गेलं, की कॅल्मोड्युलिन येऊन चिकटतं आणि कुलूप सुटतं. थोड्या कॅल्शियमने बंद, जास्त कॅल्शियमने चालू. त्यामुळे किरकोळ चढउतारावर गाठ उगवत नाही.

मेंदूतल्या कॅम-किनेज-२ बद्दल शिकून आलेले विद्यार्थी इथे हमखास अडखळतात. तिथे २८६ व्या थ्रिओनिनवर फॉस्फेट चढलं की किनेज कॅल्शियम उतरल्यावरही चालू राहतं. इथे थ्रिओनिनवरचं फॉस्फेट किनेजला गप्प ठेवतं. दोन्हीकडे थ्रिओनिन, दोन्हीकडे स्वतःच चढवलेलं फॉस्फेट, आणि परिणाम उलटे. नावसाम्यावरून वागणूक गृहीत धरू नका.

दुसरा एक सापळा ब्लास्टमधला, म्हणजे सारखे दिसणारे जनुक शोधून देणाऱ्या संगणकीय साधनातला. तुमच्या पिकात हा जनुक आहे का हे शोधायला बसलात तर यादीत कॅल्शियमवर चालणारी डझनभर किनेजं येतील. त्यातली बहुतेक सीडीपीके या वेगळ्या कुळातली असतात. ती कॅल्मोड्युलिनवर अवलंबून नसतात आणि त्यांना सहसा चार ईएफ-हँड असतात. ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या झाडात अशी ३४ आहेत, पण सीसीएएमके एकही नाही. खोबण्या मोजा. तीन असतील आणि कॅल्मोड्युलिनचा पट्टा जागेवर असेल तरच पुढे जा.

चौथी पायरी: कोणत्याही संकेतजनुकाला विचारायचे तीन प्रश्न

नसला तर काय होतं? सतत चालू राहिला तर काय होतं? दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवला तर काय होतं?

पहिल्याचं उत्तर वर आलं: गाठ नाही, मूळबुरशी नाही. पण नुसतं 'नाही' फार काही सांगत नाही. पाणी तोडलं तरी गाठ येणार नाही, म्हणून पाणी हा संकेत ठरत नाही.

म्हणून दुसरा प्रश्न हवा. लोटस जॅपोनिकस या शेंगवर्गीय झाडात एक उत्परिवर्तन सापडलं होतं, ज्यात जिवाणू नसतानाही मुळांवर गाठी येत. आत रिकाम्या, पण रचनेने अस्सल गाठी. २००६ मध्ये नेचर या नियतकालिकात दोन निबंध आले, एक डेन्मार्कमधल्या ऑर्हूसच्या गटाचा आणि एक इंग्लंडमधल्या नॉरिचच्या गटाचा. ऑर्हूसच्या गटाने दाखवलं की लोटसच्या सीसीएएमकेत २६५ व्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसीन आलं होतं. मेडिकागोतल्या २७१ व्या थ्रिओनिनची ही लोटसमधली जागा. कुलपाचा खिळाच निखळल्यासारखं झालं. नॉरिचच्या गटाने मेडिकागोत गप्प बसवणारा भाग कापून नुसता किनेजचा तुकडा दिला, तरी गाठी आल्या. म्हणजे गाठीची अख्खी रचना झाडाकडे आधीपासून तयार असते, जिवाणू फक्त दार वाजवतो, आणि हा जनुक स्वतःहून चालू झाला तर दार वाजायचीही गरज उरत नाही. 'आवश्यक' आणि 'पुरेसा' हे दोन शब्द प्रबंधात ढिलाईने वापरले जातात. या जनुकासाठी ते दोन वेगवेगळ्या प्रयोगांनी कमावलेले आहेत.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात सुंदर वाटतो. भाताच्या मुळांवर गाठी येत नाहीत, पण भातात हा जनुक आहे. तो घेऊन मेडिकागोच्या डीएमआय३ नसलेल्या झाडात घातला आणि जिवाणू दिले, तर गाठी उगवल्या! भाताने गाठी कधी केल्या नाहीत, तरी त्याचा जनुक त्या कामाला लागला. कारण भात त्याच जनुकाने मूळबुरशीशी बोलतो. बुरशीशी झाडांची ही मैत्री ४० कोटी वर्षांहून जुनी आहे, गाठी त्या मानाने अलीकडच्या. शेंगवर्गीय झाडांनी जुनीच यंत्रणा नव्या पाहुण्यासाठी वापरली.

पाचवी पायरी: महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होईल असा प्रयोग

कॅल्शियमचे ठोके पाहायला महागडा सूक्ष्मदर्शक लागतो. तो नसला म्हणून थांबू नका. हरभरा, ज्वारी आणि मोहरी ही तीन पिकं घ्या. गेल्या रब्बीत हरभरा झालेल्या शेतातली माती आणा, नाहीतर हरभऱ्याचे जिवाणू मातीत नसायचे. डीएपी नुकतंच टाकलेली माती नको, कारण स्फुरद भरपूर असला की झाड बुरशीला फारसं जवळ करत नाही. मातीत अर्धी धुतलेली वाळू मिसळा. प्रत्येक पिकाच्या पाच कुंड्या, शिवाय तीच माती प्रेशर कुकर किंवा ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करून तेवढ्याच कुंड्या तुलनेसाठी. सहा आठवडे वाढू द्या.

मुळं धुऊन आधी गाठी मोजा. मग बारीक मुळांचे सेंटिमीटरभर तुकडे करून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, गरम पाण्याच्या पात्रात, पारदर्शक होईपर्यंत ठेवा. हातमोजे आणि चष्मा घालूनच, कारण हे द्रावण कातडी आणि डोळे भाजतं. भरपूर पाण्याने धुवा. मग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ५ टक्के काळी फाउंटन पेनची शाई घालून त्यात तुकडे तीन मिनिटं उकळा. थोडं व्हिनेगर टाकलेल्या पाण्यात वीसएक मिनिटं ठेवलं की जादा रंग उतरतो. काचपट्टीवर दाबून पाहा. बुरशीचे धागे गडद दिसतात, आणि पेशींच्या आत छोट्या झाडासारख्या फांदाळलेल्या रचना दिसल्या तर तीच खरी देवाणघेवाणीची जागा. प्रत्येक कुंडीचे ५० तुकडे बघा आणि दिसलं-नाही दिसलं एवढंच लिहा. पण तुकडा कोणत्या कुंडीतला हे मोजणाऱ्याला कळू देऊ नका.

हरभऱ्यात गाठीही आणि बुरशीही, ज्वारीत फक्त बुरशी, मोहरीत दोन्ही नाहीत, असं चित्र मिळायला हवं. आता जनुकांच्या ऑनलाइन माहितीकोशात जा. हरभऱ्यात आणि ज्वारीत सीसीएएमके सापडेल, मोहरीच्या कुळात नाही. ॲराबिडॉप्सिस त्याच कुळातलं, हे आता जुळलं असेल.

इथे थांबून स्वतःच्या निष्कर्षाला प्रश्न विचारा. मोहरीने फक्त हा एक जनुक गमावलेला नाही, बुरशीमैत्रीचे बरेच जनुक एकत्र गमावलेत. तेव्हा 'हा जनुक नाही म्हणून बुरशी नाही' असं या प्रयोगावरून लिहिता येणार नाही. दोन्ही गोष्टी सोबत दिसतात, एवढंच लिहिता येईल. ल्युपिन या शेंगवर्गीय झाडाची गोष्ट तर आणखी विचारात पाडणारी आहे. त्याने मूळबुरशी सोडली, पण गाठी ठेवल्या, आणि हा जनुकही ठेवला.

सहावी पायरी: जनुकावर प्रत्यक्ष हात घालायचा असेल तर

यासाठी केसाळ मुळांची पद्धत शिका. मेडिकागोच्या अंकुराच्या मुळाचं टोक कापून त्या जखमेवर ॲग्रोबॅक्टेरियम रायझोजेनिस हा जिवाणू लावतात. तो आपल्याला हवा तो जनुक झाडात घालतो आणि तीनएक आठवड्यांत नवी मुळं फुटतात. वरचं झाड जुनंच, मुळं बदललेली. सोबत लाल चमकणाऱ्या प्रथिनाचा जनुक जोडलेला असला की कोणतं मूळ खरंच बदललं ते दिव्याखाली कळतं. न चमकणारी मुळं कापून टाका. हे करायचा कंटाळा केला तर पुढचे सगळे आकडे निरर्थक होतात.

संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आधी घ्या, आणि वापरलेली माती, मुळं, थाळ्या ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नका.

बिघडण्याच्या जागा दोन. पहिली नत्राची. माध्यमात नायट्रेट असलं की निरोगी झाडसुद्धा गाठी करत नाही. आमच्या एका तुकडीचे सहा आठवडे असेच गेले. कुंडीच्या मिश्रणात कोणीतरी सुधारणा म्हणून थोडं कंपोस्ट घातलं होतं, आणि गाठी नाहीत म्हणजे जनुक बिघडलाय असा निष्कर्ष जवळपास लिहून झाला होता. तो वाचला कारण साधी, न बदललेली झाडं शेजारी ठेवलेली होती आणि त्यांनाही गाठी नव्हत्या. दुसरी जागा याच्या उलट आहे. जिवाणूविना येणाऱ्या गाठींचा प्रयोग असेल तर जिवाणू खरोखर नाहीत हे दाखवावं लागतं. दोन-चार गाठी बाहेरून निर्जंतुक करून कुस्करा आणि थाळीवर पसरवा. वसाहत उगवली तर तो प्रयोग बाद.

किमान चार गट ठेवाच: निरोगी झाड, जनुक नसलेलं झाड, त्यात रिकामा वाहक (जनुक वाहून नेणारा डीएनए, पण जनुकाविना) घातलेलं झाड, आणि त्यात जनुक परत घातलेलं झाड. चौथ्यात गाठी परत आल्या तरच तुमचा दावा उभा राहतो. गाठींच्या संख्येबरोबर त्यांचा रंगही लिहा. संख्या परत येऊन गाठी पांढऱ्याच राहिल्या, तर गाठ बांधणं आणि जिवाणूला आत घेणं या दोन वेगळ्या गोष्टी तुमच्या हातात सुट्या झाल्यात, आणि ते नुसत्या यशापेक्षा मोलाचं आहे.

हे जमलं की भुईमुगाकडे वळा. त्यात जिवाणू मूलरोमातून शिरत नाहीत. बाजूचं मूळ बाहेर पडताना जी फट पडते तिच्यातून ते आत जातात. कोलकाता विद्यापीठात मैत्रेयी दासगुप्ता यांच्या गटाने भुईमुगात हाच जनुक दाबून पाहिला, तेव्हा जिवाणू गाठीच्या आत पसरण्याच्या टप्प्यावर अडले. वाट वेगळी असली तरी वाचणारा तोच. येत्या खरिपात भुईमूग काढाल तेव्हा भिंग घेऊन मुळं पाहा: गाठी बाजूच्या मुळांच्या बेचक्यातच बसलेल्या दिसतील.